शेजाऱ्याच्या शेतांतील कोहळें

शास्त्रभाग: अनुवाद २३:२४, २५, अनुवाद २४:१९ ते २२, रूथ, अध्याय २ रा. हे भाग प्रथम घरांत मोठ्यानें वाचावे आणि मग पुढील मजकूर वाचावा, अशी विनंति आहे.



दसरा होऊन सोयाबीनची मळणी आटोपली, म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत कोहळ्याचे वेल वाळूं लागतात. पानें करपतात आणि इतके दिवस त्यांखालीं लपलेलीं कोहळीं उघडीं पडतात. पुण्यामुंबईकडील वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे कीं, ते ज्यास लाल भोपळा म्हणतात त्यासच आम्ही वऱ्हाडांतील लोक कोहळें म्हणतों.

चिखली तालुक्यांतील आमच्या एका मंडळीचे सभासद असलेल्या एका बंधूंनीं गेलीं तीन वर्षें एक नवी रीत घातली आहे. त्यांचें शेत डांबरी सडकेला लागून आहे. दीड एकरांत ते कोहळें लावितात. परंतु तें तोडून बाजारांत नेत नाहींत, तर बाजारच शेतांत आणितात. बुलढाण्याचीं, खामगांवचीं, क्वचित् अकोल्याचींहि कुटुंबें मोटारी घेऊन येतात. मुलें वेलांमधून हिंडतात, ज्यास जें आवडेल तें तो आपल्या हातानें तोडतो, झोपडीपाशीं काट्यावर वजन होतें आणि किलोस ३० रुपये मोजून पाहुणे आनंदानें परत जातात. बैलगाडीची फेरी व पिठलें-भाकर यांचे पैसे निराळे. रविवारच्या दुपारीं हा व्यवहार चालावा कीं नाहीं, हा प्रश्न आहेच; त्याविषयीं पुन्हां केव्हां तरी लिहूं.

ही कल्पना त्यांच्या एकट्याची नव्हे. बारामतीकडे श्री. पांडुरंग तावरे यांनीं सन २००५ च्या सुमारास शेतकऱ्यांस शहरचे पाहुणे बोलाविण्याच्या कामीं लाविलें, आणि सन २०२० मध्यें राज्यसरकारानें कृषि-पर्यटनाचें धोरणहि ठरविलें. हिवाळ्यांत हुरडा खाण्यास शेतावर जाणें तर आतां सर्वांस माहीत झालें आहे. अमेरिकेंत आक्टोबर महिन्यांत कोहळ्यांच्या शेतांत जाणें हा घरोघरचा सणच होऊन बसला आहे. ता. ३१ च्या रात्रीं तेथें कोहळें पोखरून त्यांत दिवा लावितात. आयर्लंडांत पूर्वीं हेंच काम सलगमानें करीत; तेथून जे लोक अमेरिकेस गेले त्यांस कोहळें अधिक सोयीचें वाटलें. तिकडे राहणारीं आपलीं मराठी कुटुंबेंहि मुलांबाळांसह अशा शेतांत जातात.

येथें एक गोष्ट सहज सुचली ती लिहितों. कोहळें मूळचें आपलें नव्हे. तें अमेरिका खंडांतील पीक आहे. मेक्सिको देशांतील एका गुहेंत कोहळ्याच्या जातीचें जें बीं सांपडलें तें सुमारें दहा हजार वर्षांपूर्वींचें आहे. समुद्र ओलांडून तें आपल्या बांधावर आलें आणि आतां वऱ्हाडी बोंडांवांचून आमची दिवाळीची न्याहारी होत नाहीं. तुमचा धर्म परदेशांतून आला, असें ज्या बंधूस गांवांत ऐकावें लागतें, त्यानें रागावूं नये. बोलणाऱ्यास दोन बोंडें वाढावीं.

गेल्या कार्तिकांत त्या बंधूंनीं आम्हांस सहकुटुंब बोलाविलें, आणि आम्ही गेलों. दुपार फार चांगली गेली, हें कबूल केलें पाहिजे. त्यांनीं आमच्या मुलांस पिकलेलें कोहळें कसें ओळखावें तें शिकविलें. देठ वाळून लाकडासारखा झाला पाहिजे. सालीवर नख दाबलें असतां रुतूं नये. आणि तोडतांना चार बोटें देठ राखावा, कारण देठ तुटला कीं तेथूनच फळ सडूं लागतें. असें राखलेलें कोहळें आढ्याखालीं टांगून ठेविलें तर महिनोन्‌महिने टिकतें. तेथें आलेल्या एका बाई कोहळ्याला पहिली सुरी लावण्यास पुरुष माणसाला शोधीत होत्या; ही भीति आपल्यांतीलहि कांहीं घरांतून अजून गेलेली नाहीं, ती जावी. निघतांना त्या बंधूंनीं तीन मोठीं कोहळीं आमच्या मोटारीच्या डिकींत ठेविलीं आणि पैशांचें नांव काढूं दिलें नाहीं. पाळकाचा मान म्हणून आम्हींहि तीं संतोषानें घेतलीं.

त्यानंतर आठ दिवसांनीं उपदेशकांचा फोन आला. मंडळींतील एका विधवा भगिनीस त्याच शेतांत सांजवेळीं दोन कोहळीं पाटींत घालून नेतांना राखणदारानें धरलें होतें. पंचांनीं दुसऱ्या दिवशीं प्रार्थनामंदिरांत बैठक बोलाविली आणि आम्हांस पाचारण केलें. आम्ही पोहोंचलों तोंपर्यंत पंचांचें मत बहुतेक झालेंच होतें: चोरी ती चोरी, सहा महिने प्रभुभोजन बंद.

त्या भगिनीनें कांहीं नाकारलें नाहीं. ती म्हणाली, “साहेब, कोहयं म्या तोडलं. पण गिऱ्हायकानं टाकून देल्लेलं वाकडंतिकडं होतं ते. लेकरायले रातच्याले काय चारू?”

शेताचे मालक म्हणाले, “मागतलं असतं तर म्या काय नाई म्हटलं असतं काय?”

आम्हीं पवित्र शास्त्र उघडलें तें अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायावर, आणि खरें सांगावयाचें तर पंचांचें मत पक्कें करण्याच्या हेतूनेंच. त्या आज्ञेचा आशय असा आहे: शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यांत गेलास तर तृप्त होईपर्यंत खा, पण पात्रांत घेऊं नको, त्याच्या उभ्या पिकांत गेलास तर हातानें कणसें तोड, पण विळा लावूं नको. हात आणि पात्र यांच्यामध्यें देवानें रेघ ओढली आहे. हाताची भूक पोटाएवढी असते, पण पाटीच्या भुकेला तळ नसतो. प्रभूच्या शिष्यांनीं शब्बाथ दिवशीं कणसें मोडून खाल्लीं तेव्हां परूश्यांनीं शब्बाथ मोडल्याचा दोष त्यांस लाविला. परंतु परक्याच्या शेतांतून खाल्लें म्हणून चोरीचा दोष कोणींहि लाविला नाहीं, हें मत्तयाचा बारावा अध्याय वाचतांना आपल्या ध्यानांत येत नाहीं. तेवढा हक्क भुकेल्या वाटसरूस होता, हें परूशीहि जाणून होते.

हें आम्ही समजावून सांगत होतों. पाटीचा शब्द आला तेव्हां त्या भगिनीनें मान वर केली आणि अगदीं हळू विचारिलें, “पादरी साहेब, तुमच्या मोटरीत ठेवले तेबी पाटीतलेच का हाताचे?”

बैठकींत कोणी बोलेना. आम्हांसहि बोलतां आलें नाहीं. तिनें तें टोंचून म्हटलें असतें तर उत्तर देणें सोपें गेलें असतें. परंतु तिला तें खरोखरच समजून घ्यावयाचें होतें.

मग आम्हीं पान उलटलें आणि चोविसावा अध्याय वाचला. तेथें उभें पीक नाहीं. तेथें कापणी झालेली आहे, आणि शेतांत विसरलेली पेंढी आहे, जैतुनाच्या झाडावर व द्राक्षवेलीवर मागें राहिलेलें फळ आहे. तें परदेशी, अनाथ व विधवा यांचें. येथें पात्राची मनाई नाहीं. रूथीनें बवाजाच्या शेतांतून दिवसाअखेर एफाभर सातू, म्हणजे आजच्या मापानें सुमारें २२ लिटर, घरीं नेले, आणि गांवांत तिला कोणीं अडविलें नाहीं. मालकानें द्यावें असेंहि त्या अध्यायांत म्हटलेलें नाहीं. त्यानें मागें फिरून घेऊं नये, एवढेंच म्हटलें आहे. जें त्याचें राहिलेलेंच नाहीं तें तो देणार कसें? म्हणून “मागितलें असतें तर दिलें असतें” हें आमच्या बंधूंचें बोलणें कितीहि मायेचें असलें तरी शास्त्राचें नाहीं.

यहूदी शास्त्र्यांनीं या गोष्टीचा फार बारीक विचार केला. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नांत शेताचा कोपरा साठाव्या हिश्श्याहून कमी राखूं नये असें सांगितलें आहे. दोन पेंढ्या विसरल्या तर त्या गरिबांच्या, तीन असल्या तर मालकाच्या, असाहि निवाडा आहे. इंग्लंडांत सन १७८८ मध्यें मात्र न्यायाधीशांनीं बहुमतानें ठरविलें कीं सरवा वेंचण्याचा हक्क कायद्यानें कोणासहि नाहीं. तो खटला सफोक परगण्यांतील एका गांवच्या कुटुंबावर झाला होता. त्या देशांत प्रत्येक देवळांत बायबल होतें, हें विसरूं नये.

आपणांस सरवा हा शब्द कोशांत पाहावा लागत नाहीं. सन १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडांतील जीं मुलें मिशनच्या आश्रयास आलीं, त्यांपैकीं कित्येकांच्या आया त्यापूर्वीं ज्वारीचा सरवा वेंचूनच लेंकरें जगवीत होत्या. आमच्या घरांतहि अशी एक पणजी होऊन गेली. खळ्यावरील हक्काचें बलुतें मिळे तेंहि भीक म्हणून पदरांत टाकलें जाई, आणि घेणाऱ्यास वांकून घ्यावें लागे. त्या वांकण्यांतून प्रभूनें आपणांस उभें केलें. आतां आपल्यांतील कांहींजण सात-बाराच्या उताऱ्यावर आहेत, ही त्याची कृपा आहे.

पण त्या दिवशींचा निवाडा आम्हांस वाटला तितका सोपा नव्हता, आणि तो वाचकांसमोर लपवून ठेवणें बरें नाहीं. मालकांचें म्हणणें असें कीं तोड अजून संपलेली नाहीं, म्हणून शेतांत जें आहे तें सारें उभें पीक आहे. हें खरें होतें. त्या भगिनीनें दिवस संपण्याची वाट पाहावयास हवी होती. आम्हीं तिला तसें सांगितलें आणि तिनें तें मानलें. तेव्हां आम्हीं मालकांस विचारिलें, तोड संपते तरी केव्हां? ते म्हणाले, वेल पुरता वाळेपर्यंत गिऱ्हाईक येत राहतें, आणि मग लगेच हरभऱ्यासाठीं ट्रॅक्टर घालावा लागतो. म्हणजे संपण्याचा दिवस येतच नाहीं! पूर्वीं ज्वारीचें खळें झालें कीं शेत मोकळें होई आणि बायका टोपल्या घेऊन उतरत. सोयाबीनच्या शेंगांचा सरवा आजहि तसाच वेंचतात. परंतु ज्या शेतांत प्रत्येक पाहुणा आपली कापणी आपण करितो, तेथें कापणी कधीं पुरी होत नाहीं आणि सरव्याला दिवस उगवत नाहीं. पाहुण्यांसाठीं फाटक उघडें आणि विधवेसाठीं राखणदार, हा देखावा त्या बंधूंच्या मनांत वाईट होता म्हणून झाला नाहीं. नव्या रीतींत जुन्या आज्ञेची जागा कोठें, हें त्यांनीं पाहिलें नाहीं. आणि आम्ही त्यांचे पाळक, शेतांत हिंडून आलों तरी आम्हांसहि तें दिसलें नाहीं.

प्रभुभोजन बंद करण्याचा ठराव आम्हीं होऊं दिला नाहीं. पंचांपैकीं दोघांस तें रुचलें नाहीं, आणि अजूनहि रुचलेलें नाहीं. आम्हीं मालकांस एवढेंच सुचविलें कीं बांधालगतच्या दोन ओळी सोडाव्या, तेथें काटा नसावा, राखणदार नसावा आणि विचारणाहि नसावी. आणि त्या ओळी पाहुण्यांस दाखवून, हें पाहा आमचें दान, असें म्हणूं नये. त्यांनीं होकार दिला नाहीं कीं नकारहि दिला नाहीं. ते उठून गेले.

घरीं येऊन आम्हीं राहिलेलीं दोन कोहळीं वजनास लाविलीं. तिसरें शिजवून झालें होतें. त्याचें वजन मंडळीणबाईंनीं अदमासानें सांगितलें. एकंदर ११ किलो, म्हणजे ३३० रुपये. ते घेऊन आम्ही दोनदां गेलों. पहिल्या वेळीं ते घरीं नव्हते; दुसऱ्या वेळीं चहा मिळाला, पैसे परत मिळाले, आणि दोन ओळींचा विषय निघाला नाहीं. दोन महिने झाले, ते बंधु उपासनेस आलेले नाहींत. ती भगिनी येते, पण मागच्या दारापाशीं बसते.

येत्या गुरुवारीं उपदेशकांस बरोबर घेऊन आम्ही पुन्हां त्यांच्याकडे जाणार आहों. हरभरा पेरून झाला आहे, तेव्हां दोन ओळींचा प्रश्न आतां पुढील पावसाळ्याचा. परंतु बीं कोठें टोंचावयाचें हें शेतकरी आतांपासूनच मनांत योजीत असतो. त्या दिवशीं सायंकाळीं आपण आपापल्या मंडळींत आम्हां सर्वांसाठीं, आणि नांव न लिहितां त्या दोघांसाठीं, प्रार्थना करावी.