वाचतो ते समजते का?

आपल्या घरातील मूल पाच-सहा वर्षांचे झाले की त्याच्या हाती कायदा येतो. अलिफ-बे, मग जेर-जबर-पेश, मग सिपारे, आणि एके दिवशी कुरआन शरीफ पूर्ण होते. आमीनचा कार्यक्रम होतो, मिठाई वाटली जाते. आनंदाचीच गोष्ट आहे ही. पण 'बेटा, काय वाचलेस?' असे विचारले तर मूल बहुधा गप्प राहते, आणि आईवडीलही गप्प राहतात. अक्षरे ओळखीची, अर्थ अनोळखी, अशी ही आपली अरबी. मग न समजता वाचणे पुरेसे आहे का? समजून घेणे हे कर्तव्य असेल, तर ते प्रत्येकाचे की मोजक्यांचे?

न समजता वाचणाऱ्याला हिणवण्याचे कारण नाही. घरात मय्यत झाल्यावर यासीन वाचत बसलेल्या बाईला त्या आवाजातूनच धीर मिळतो. जकार्तापासून रत्नागिरीपर्यंत नमाजीच्या ओठांवर त्याच शब्दांत फातिहा असते, हे बंधन लहान नाही. अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुहेरी सवाब आहे, असे हदीस सांगते. म्हणजे प्रयत्नाची कदर आहेच.

पण कुरआन अरबीत का उतरले याचे कारण खुद्द कुरआन देते : ऐकणाऱ्यांना समजावे म्हणून. प्रत्येक पैगंबर आपल्या कौमच्या भाषेत बोलला, असेही ते सांगते. तेव्हा अरबीचा मान अर्थासकट आहे. अर्थ दूर ठेवून केवळ भाषेला मखमली जुजदानात गुंडाळून ठेवणे हा आदर अपुरा आहे.

हे ओळखूनच दिल्लीचे शाह वलीउल्लाह (1703–1762) यांनी कुरआनचा फारसी अनुवाद केला. पुढे त्यांचे पुत्र शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर यांनी तो उर्दूत आणला. आपल्या मराठी मुलुखाला हा विचार नवा नाही. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. आज कुरआनचे मराठी अनुवादही मिळतात. ते प्रत्येक घरात असावेत.

मग अरबी शिकायची कशाला? कारण अनुवाद म्हणजे अखेर एका माणसाची समजूत. सूरह बकरामध्ये तलाकसंबंधी 'मर्रतान' हा शब्द आहे. अरबीत एकवचन आणि अनेकवचन यांच्याशिवाय द्विवचनही असते, आणि हा शब्द द्विवचनी आहे : दोन वेळा. 'मर्रा' म्हणजे खेप, म्हणून दोन तलाक वेगवेगळ्या प्रसंगीच व्हायला हवेत, एका दमात नव्हेत, असे अनेक अभ्यासकांनी याच शब्दावरून म्हटले. इतरांनी वेगळा अर्थ लावला. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द केला, 2019 मध्ये कायदाही झाला. पण त्याआधी कितीतरी वर्षे ज्या बायकांचा संसार या वादावर तुटत होता, त्यांना वादात भागच घेता येत नव्हता. धर्म असे सांगतो, एवढेच त्यांना सांगितले गेले. पडताळायचे कशाने? भाषा त्यांना शिकवलीच नव्हती. जिथे एकाला कळते आणि दहांना कळत नाही, तिथे एकाच्या शब्दाला नको तेवढे वजन येते. तो एक माणूस सज्जन असला तरी हे वजन त्याच्यासाठीही धोक्याचेच.

अरबी कठीण आहे, ही सबब मात्र फारशी टिकत नाही. हक्क, वकील, तारीख, हिशोब, मजकूर हे शब्द आपण मराठीत रोज वापरतो, ते मूळचे अरबीच. तीन मुळाक्षरांची किल्ली हाती आली की शब्दांचे कुटुंब उघडते : क-त-ब पासून किताब, कातिब, मकतब, मकतूब. सीबवैह हा जन्माने इराणी. अरबी त्याच्या घरची भाषा नव्हती. तरी आठव्या शतकात बसऱ्यात त्यानेच अरबीचे सर्वात थोर व्याकरण लिहिले. कोकणातले अनेकजण आखातात राहून बाजारापुरती अरबी शिकून आले आहेत. कुरआनची अरबी त्याहून वेगळी खरी, पण प्रमाण अरबी तर अरबांच्या मुलांनाही शाळेत शिकावी लागते.

शिकताना नम्रता मात्र हवी. 'कल्ब' म्हणताना 'क' घशाच्या मुळातून आला नाही तर हृदयाचा कुत्रा होतो. 'गरीब' हा शब्द आपल्याला ओळखीचा वाटतो, पण अरबीत त्याचा अर्थ निर्धन नव्हे, परका. ओळखीचा शब्दही असा फसवतो. म्हणून चार शब्द येऊ लागताच फतवे देऊ नयेत. एका मौलवीच्या जागी दहा अर्धवट मौलवी तयार झाले तर काय साधले?

समजणे हे कर्तव्य प्रत्येकाचे आहे, पण ते ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. सगळ्यांना आलिम व्हायला नको. मकतबमध्ये रोजच्या सबकाबरोबर पाच शब्दांचा अर्थ सांगता येईल. नमाजमध्ये आपण काय म्हणतो, एवढे तरी प्रत्येक मुलाला कळावे, आणि मुलीला तर आवर्जून, कारण न कळण्याची किंमत आजवर तिनेच अधिक मोजली आहे. पहिल्या वहीचा पहिला शब्द 'इकरा', म्हणजे वाच. तो शब्द ज्यांनी प्रथम ऐकला, त्यांना त्याचा अर्थ कळत होता.