उरलेली किंमत

बाजारात वस्तूवर एकच किंमत लिहिलेली असते, पण खरं बघितलं तर तिच्या दोन किमती असतात. एक आपण मोजतो. मोजायची जी राहते, ती दुसरं कुणीतरी मोजतं. हलकं बियाणं स्वस्तात घेतलं तर उरलेली किंमत सुगीत कळते. सावकाराकडनं अडल्या माणसाची जमीन स्वस्तात घेतली तर उरलेली किंमत त्याची पोरं भरतात. मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी, अर्थशास्त्र मला येत नाही. पण एवढ्या वर्षांत एक कळलंय, किंमत कधी बुडत नाही. आपण नाही दिली तर ती दुसऱ्याच्या नावावर चढते.

हा विचार डोक्यात घोळायला कारण झाली एक रायफल, अजून विकत न घेतलेली.

माझा एक चुलत पुतण्या आहे, तिशीतला. राधानगरी तालुक्यात, भोगावतीच्या खोऱ्यात, डोंगराच्या पायथ्याला त्याची अडीच एकर जमीन. खाली ऊस, वर भात, मका, भुईमूग. गेली दोन वर्षं रानडुकरांनी मका त्याच्या घरात येऊ दिला नाही. त्यातच 1 ऑगस्ट 2024 ला आमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. 1952 साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कुस्तीत मिळवलं होतं, त्यानंतर महाराष्ट्राच्या माणसाचं स्वतःचं असं हे पहिलंच पदक. तेव्हापासून रायफल हा शब्द आमच्याकडं चहाच्या टपरीवर सुद्धा यायला लागला.

पुतण्या मला म्हणाला, “तात्या, पयली रायफल घ्यायची झाली तर कंची घ्यावी? बोल्टवाली बगतोय. एक म्हस इकून जेवढं येतील तेवढ्यात बसाय पायजे.”

मला विचारलं, कारण माझ्याकडं बारा बोरच्या बंदुकीचा परवाना आहे. निवडणूक लागली की ठाण्यात नेऊन जमा करायची, पावती घ्यायची, निकाल लागला की परत आणायची, असा आमचा संसार. तिच्याआधी घरात आजोबांची ठासणीची होती. आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे, वरनं परत चिंधी, आणि गजानं ठासायचं. एवढं करून एकच बार. तो हुकला तर जनावर पार डोंगरापलीकडं. त्यामुळं आजोबा बार काढण्याआधी फार वेळ नुसते बघत बसायचे.

बोल्टची रायफल त्या मानानं पुढची, पण तिच्यातही थांबणं आहे. बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखी कडी. वर उचलून मागं ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढं ढकलली की खालच्या मॅगझिनमधलं नवं काडतूस आत बसतं. खाली दाबली की कुलूप लागलं. प्रत्येक गोळीला हे सगळं हातानं. भाग थोडे म्हणून बिघाड थोडा, आणि नळी-कडी घट्ट बसते म्हणून नेम धरून राहतो. पहिल्यांदा घेणाऱ्याला जाणती माणसं हीच सांगतात ते यासाठी. आपल्या देशात यातली जुनी ओळखीची म्हणजे बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची .315. घडण इंग्रजी फौजेच्या ली-एनफिल्डची, बोर मात्र वेगळा. फौजेची .303 रयतेच्या हातात जाऊ नये म्हणून इंग्रजांनी लोकांसाठी हा निराळा बोर चालवला, आणि इंग्रज गेले तरी तो राहिला.

मी पुतण्याला उलट विचारलं, “कशाला पायजे? खेळाय का राखणीला?”

“दोन्हीला,” तो म्हणाला.

इथंच पहिली गाठ आहे. दोन्हीला चालेल अशी एक वस्तू घेणं म्हणजे बैल आणि म्हैस एकाच जनावरात शोधणं. खेळाची रायफल .22 बोरची. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून, एकेक गोळी भरून मारायची. ती शिकायची तर क्लबात जाऊन, आणि सुरुवात 10 मीटरच्या एअर रायफलनं. .177 ची, 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर परवानाही लागत नाही. राखणीची गोष्ट निराळी. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी नाव घेतलंय ते ठासणीच्या बंदुकीचं. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी एखादी बिनआट्याच्या नळीची बंदूक. रायफलीच्या नळीत आटे असतात, म्हणून ती या ओळीत बसत नाही. तिच्यासाठी कारण वेगळं पटवावं लागतं. आणि हातात काहीही असलं तरी रानडुकरावर चालवायला 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणं वनखात्याची परवानगी लागतेच. गव्याचं तर नावच काढायचं नाही.

कायद्यानं असा फरक का केला असेल, याचा मी विचार करत बसलो. मला वाटतं, त्याचं उत्तर बांधावर आहे. बारीक छर्ऱ्याचा जोर दोन-तीनशे मीटरच्या आत सरतो. .22 ची गोळी बारकी दिसते, पण दीड किलोमीटर जाऊ शकते. मोठ्या रायफलीची दोन-तीन किलोमीटर. पुतण्याचं रान अडीच एकर, म्हणजे या बांधापासून त्या बांधापर्यंत शंभर-सव्वाशे पावलं. पुढं दुसऱ्याचा ऊस, त्यापुढं पाणंद, त्यापुढं धनगरवाडा. रात्रीच्या अंधारात बॅटरीच्या उजेडात डुक्कर दिसतं, त्याच्या मागं काय आहे ते दिसत नाही. आजोबा नेहमी असे बसायचे, की जनावराच्या मागं डोंगराची चढण यावी. हुकलेला बार मातीत जावा, माणसात नको.

पुतण्याच्या म्हशीकडं परत येतो. पैसा थोडा असला की माणूस सगळा पैसा नळीत घालतो. मी त्याला हिशेब मांडून दाखवला. रायफल आली. मग तिची दुर्बीण, नाहीतर अंधारात नुसत्या माशीवर नेम कसा धरणार? कुलुपाचं लोखंडी कपाट, कारण घरात दोन लहान पोरं. परवान्याचे हेलपाटे, डॉक्टरचा दाखला, हत्यार सुरक्षित हाताळायच्या शिक्षणाचा दाखला. जुनी घेतली तर ती बघायला जाणता माणूस. बैलाचे दात बघतात तशी नळी उजेडाकडं धरून आतले आटे बघायचे, झिजलेत का, गंज खाल्लाय का. नळीचं तोंड ठोकर लागलेलं नाही ना, दस्त्याला चीर नाही ना, कडी ढिली नाही ना, चाप आपोआप तर सुटत नाही ना. आणि सगळ्यात शेवटी, ज्याला कुणी पैसे राखून ठेवत नाही ती गोष्ट म्हणजे सरावाची काडतुसं. ती परवान्यावर मोजून मिळतात आणि महाग असतात. गावाकडं सराव करायला हक्काची जागाही नसते.

मग काय होतं? रायफल येते, सराव राहतो. नेम खांद्यामागं लागायच्या ऐवजी पोटात लागतो. डुक्कर मरत नाही. ते रक्त गाळत उसात शिरतं आणि दोन दिवस तिथं कुढत पडतं. त्या उसात पहाटे कोण जाणार? मालक नाही. बीडकडनं आलेल्या टोळीतली बाई कोयता घेऊन जाणार, तिचं पोर बांधावर झोळीत असणार. जखमी डुक्कर माणसावर कसं येतं हे ज्यानं बघितलंय त्याला मी सांगायला नको. आपण काडतुसाचे वाचवलेले पैसे तिच्या मांडीवर वसूल होतात. आणि ते दोन दिवस त्या मुक्या जनावरानं जे भोगलं, ते कुणाच्याच वहीत नाही.

म्हणून मी त्याला म्हणालो, “पैसं कमी असणं हा गुन्हा न्हाई. पण ज्या कामात चूक झाली तर दुसरा मरतो, ते काम अर्ध्या पैशात करायचं न्हाई.”

तो गप्प बसेल असं वाटलं होतं. पण तो म्हणाला, “पटलं तात्या. मग आता माझा मका कोण भरून देणार ते सांगा. मी रायफल घेतली न्हाई, डुकरं जगली, समद्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची किंमत कोण देतंय? मी आन माझी बायकोच न्हवं?”

याला माझ्याकडं चटकन उत्तर नव्हतं, कारण तो माझाच हिशेब मला दाखवत होता. नुकसानभरपाईचा नियम आहे. पंचनामा होतो, पैसेही येतात. पण माळ्यावर जागून काढलेल्या रात्रींचा पंचनामा होत नाही. त्याची बायको दिवसभर भांगलण करून रात्री डबा वाजवत बसते, तिच्या झोपेचा दर कुठल्याच कागदावर नाही. आमच्या शेजारी दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य 1958 पासून आहे. ते असावं असंच मला वाटतं. आमचं पाणी त्याच जंगलातनं येतं. पण जंगल सगळ्यांचं आणि राखण एकट्याची, हा व्यवहारसुद्धा स्वस्तातलाच. शहरातला माणूस सुट्टीत येऊन गवा बघून जातो. त्यानं मोजलेलं तिकीट ही पहिली किंमत. उरलेली पुतण्या भरतो.

मग काय करावं? माझं मत साधं आहे. मारायची वेळ खरोखर आली, तर रीतसर परवानगी काढावी आणि ज्याचा हात बसलाय, ज्याच्याकडं परवाना आहे अशा माणसाकडनंच ते काम करून घ्यावं. गावात दहा कच्चे हात असण्यापेक्षा एक पक्का हात बरा. बाकीच्यांनी कुंपणाला आणि पाळीपाळीच्या राखणीला वर्गणी काढावी. ज्याचं रान आत आहे त्यानंही काढावी, कारण कडेच्या रानवाल्यानं पीक सोडलं की डुकरं उद्या आत येणार. पुतण्याला रायफलीची हौस असेल, तर त्यानं एअर रायफलीपासून सुरुवात करावी, कागदाच्या चकतीवर. हौस खरी असेल तर ती कागदावरही टिकते.

त्यानं म्हैस अजून विकलेली नाही. ठरवलंय असंही म्हणत नाही. मका परत पेरलाय.

मला बोल्टच्या रायफलीतलं एकच आवडतं. दोन गोळ्यांच्या मधे ती माणसाला हात हलवायला लावते. कडी मागं, कडी पुढं. तेवढ्या वेळात डुक्कर निसटतं कधी कधी, पण तेवढ्यात पलीकडं काय आहे हे बघायची सवडही मिळते. आमच्या बाकीच्या व्यवहारात अशी कडी कुणी बसवलेली नाही. पैसे मोजायचे आणि वस्तू उचलायची, यांच्यामधे ती ज्याची त्यानंच बसवायची असते, आणि ती मागं-पुढं करताना विचारायचं, की मी वाचवलं ते ठीक, पण आता हे कुणाच्या अंगावर चाललंय?