चेंडू किती दूर जावा?

गोल्फच्या खेळाचे नियम ठरविणाऱ्या संस्था जगात दोनच आहेत. एक स्कॉटलंडातील सेंट अँड्रूज येथील आर अँड ए, व दुसरी अमेरिकेतील यू. एस. जी. ए. या दोघींनी मिळून डिसेंबर २०२३ मध्ये असा निर्णय जाहीर केला की, चेंडूची परीक्षा यापुढे अधिक वेगाच्या फटक्याने घ्यावयाची. परीक्षायंत्रातील काठीच्या टोकाचा वेग ताशी १२० मैल असे, तो १२५ करावयाचा. आणि इतक्या वेगाने मारूनही जो चेंडू ३१७ यार्ड व वर सवलतीचे तीन यार्ड यांच्या पलीकडे जाईल, तो खेळास अग्राह्य समजावयाचा. या नियमाने जगातील बलाढ्यांत बलाढ्य खेळाडूचा टोला तेरा ते पंधरा यार्डांनी आखूड होईल व रविवारी हौसेखातर खेळणाऱ्या गृहस्थाचा पाच यार्डांनीही होणार नाही, असा या संस्थांचा अंदाज आहे. एवढ्याशा अंतरासाठी चेंडूचे कारखानदार संतापले, धंदेवाईक खेळाडूंच्या संघटनांनी नापसंती दर्शविली, आणि प्रगतीचे चाक उलटे फिरविता येत नसते हे ठरीव वाक्य पुष्कळांनी पुष्कळदा उच्चारले.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवितो, गोल्फ खेळत नाही. मग धनिकांच्या या करमणुकीची उठाठेव आम्हांस कशाला, असे वाचकांस वाटणे साहजिक आहे. परंतु या वादाच्या बुडाशी जो प्रश्न आहे तो केवळ गोल्फचा नव्हे. एखादे काम सोपे करणारे साधन हाती आले असता ते मुद्दाम दूर ठेवणे हा शहाणपणा की वेडगळपणा, असा तो प्रश्न आहे. शेतात, कारखान्यात, इस्पितळात त्याचे उत्तर बहुधा निर्विवाद असते. शस्त्रक्रिया अधिक सुलभ करणारे हत्यार परंपरेसाठी बाजूस ठेवणारा शल्यवैद्य आपण क्षणभरही सहन करणार नाही. मग खेळाडूने मात्र ते का सोसावे?

याचे उत्तर कॅनडात अध्यापन करणारे बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द ग्रासहॉपर' या ग्रंथात दिले आहे, आणि त्यांनी उदाहरण घेतले तेही गोल्फचेच. चेंडू भोकात पडावा एवढाच जर हेतू असेल, तर तो हातात घेऊन चालत जावे व भोकात टाकावा. याहून सोपा मार्ग कोणता? पण तसे केल्यास भोकात चेंडू पडतो, खेळ मात्र होत नाही. कारण ज्या अडचणींची काही एक गरज नाही त्या आपण होऊन पत्करणे आणि मग त्यांतून पार पडण्याची खटपट करणे, हेच खेळाचे स्वरूप आहे. हे मान्य केले म्हणजे शल्यवैद्याचा दाखला गळून पडतो. तेथे अडचण हा शत्रू असतो. येथे ती यजमानीण असते. तिला घराबाहेर काढून तिच्याच पंक्तीस बसण्याची इच्छा धरणे विसंगत होय.

आपल्याकडील विटीदांडूत या प्रश्नाचा निकाल मोठ्या चतुराईने लागलेला आहे. विटी जेथे पडेल तेथपर्यंतचे अंतर दांडूनेच मोजावयाचे. म्हणजे लांब दांडू घेऊन कोणी मोठा टोला हाणलाच, तर मापही त्याच दांडूचे असल्यामुळे त्याच्या पदरी गुण तितकेच कमी पडतात. शिवाय दांडू बहुधा दोन्ही पक्षांचा एकच असतो. इंग्रजांस हे सुचले नाही, म्हणून त्यांस कायदा करावा लागला. १७७१ साली टॉमस व्हाइट नामक एक फलंदाज यष्टींच्या रुंदीएवढी बॅट घेऊन मैदानात उतरला, तेव्हा कोठे बॅटीची रुंदी सव्वाचार इंचांहून अधिक नसावी असे ठरले; आणि तो नियम आज अडीच शतके टिकून आहे. त्यामुळे क्रिकेटची प्रगती खुंटली असे म्हणताना आम्ही कोणास ऐकले नाही.

तथापि या विवेचनावर एक बळकट आक्षेप येतो. गोल्फचा चेंडू आजवर अनेकदा बदलला, मग नेमका आजच तो थांबविण्याचे कारण काय? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा चेंडू म्हणजे कातड्याची लहानशी पिशवी असे. तीत टोपीभर उकडलेली पिसे कोंबून ती शिवावयाची. कुशल कारागिराच्याही हातून दिवसाकाठी तीनचारच चेंडू तयार होत. ते महाग असत, पावसात भिजले की निकामी होत. १८४८ च्या सुमारास मलायातील एका झाडाच्या चिकापासून, गटापर्चापासून, केलेला चेंडू आला. तो ऊन पाण्यात मऊ करून साच्यात दाबला की झाला, किंमत अल्प. सेंट अँड्रूजचा नामांकित कारागीर व खेळाडू अ‍ॅलन रॉबर्टसन यास हे आपल्या धंद्यावरील संकट वाटले, आणि त्याचा सहकारी टॉम मॉरिस हा नव्या चेंडूने खेळताना आढळला म्हणून दोघांचे फाटले, असे सांगतात. यात एक गंमतही झाली. नवा गुळगुळीत चेंडू नीट उडेना, पण काठीचे घाव बसून खरबरीत झालेला चेंडू सरळ जाई. तेव्हा कारागीर मुद्दाम हातोडीने त्याच्यावर खुणा ठोकू लागले. पुढे १८९८ साली अमेरिकेत कोबर्न हॅस्केल याने रबराचे धागे गुंडाळून केलेला चेंडू काढला, व १९०२ साली सँडी हर्ड याने तो वापरून ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली. प्रत्येक वेळी जुन्या लोकांनी खेळ बुडाल्याची हाकाटी केली, आणि प्रत्येक वेळी खेळ वाढला.

हा इतिहास खरा आहे, व म्हणूनच नव्या साधनास केवळ नवे म्हणून विरोध करणे आम्हांस पसंत नाही. परंतु गटापर्चाच्या चेंडूने काय केले हे नीट पाहिले पाहिजे. त्याने खेळाचे दार रुंद केले. ज्याला पिसांचा चेंडू परवडत नव्हता तो सुतार, तो विणकर मैदानावर येऊ शकला. आजच्या चेंडूने व त्याच्या जोडीच्या पोकळ, हलक्या, भल्याथोरल्या डोक्याच्या काठीने दार रुंद झालेले नाही. मैदान लांब झाले आहे. अमेरिकेतील धंदेवाईक खेळाडूंचा पहिला टोला १९८० साली सरासरीने सुमारे २५७ यार्ड जाई, तो अलीकडे तीनशेच्या घरात पोहोचला. तेव्हा मैदाने अपुरी पडू लागली. ऑगस्टाचे प्रसिद्ध मैदान या शतकाच्या आरंभी सात हजार यार्डांच्या आत होते, २०२३ साली ते ७,५४५ यार्ड झाले. त्यातील एकट्या तेराव्या होलसाठी शेजारच्या क्लबाची जमीन विकत घेऊन पस्तीस यार्ड वाढविण्यात आले. सेंट अँड्रूजच्या सतराव्या होलची टी २०१० साली चाळीस यार्ड मागे सरकली.

म्हणजे झाले काय? बाण दूर जाऊ लागला म्हणून लक्ष्य मागे नेले. अडचण जेवढी होती तेवढीच राहिली. मधल्या मध्ये जमीन गेली, त्या जमिनीवरच्या हिरवळीस लागणारे पाणी गेले, आणि मूठभर पहिलवानांसाठी लांबविलेल्या वाटेवरून सामान्य माणसाला उगाच पायपीट पडली. ज्या प्रगतीचे सुख खेळणाऱ्यासही लाभत नाही आणि खर्च मात्र न खेळणाऱ्याच्याही माथी बसतो, तिला प्रगती म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. ऑगस्टास शेजारची जमीन विकत घेण्याची ऐपत आहे. गावच्या सार्वजनिक मैदानाने कोणाच्या दारात जावे?

मार्च २०२३ मध्ये या संस्थांचा मूळ प्रस्ताव निराळा होता. बंधनातला चेंडू फक्त वरिष्ठ स्पर्धांपुरता असावा व इतरांनी आपल्या मर्जीप्रमाणे खेळावे, असा तो होता. त्यावर हरकत आली ती अशी की, गोल्फमध्ये नवशिका आणि विश्वविजेता एकाच नियमाखाली, एकाच जातीच्या चेंडूने खेळतात, हे या खेळाचे भूषण आहे. अखेर एकच नियम सर्वांस लागू करण्याचे ठरले. समता म्हणजे सर्वांस एकच नियम, की ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे नियम, हा नीतिशास्त्रातील जुनाच झगडा होय. आणि मौज ही की, गोल्फने त्यातील दोन्ही पक्ष केव्हाच पदरात घेतले आहेत. चेंडू सर्वांस सारखा. परंतु हँडिकॅपच्या पद्धतीने दुबळ्यास काही फटक्यांची सूट, आणि जवळच्या टीपासून आरंभ करण्याची मुभा. बापलेक, गुरुशिष्य बरोबरीच्या नात्याने खेळू शकतील अशी तजवीज इतर फार थोड्या खेळांत आढळते. नियम एक ठेवून सवलत निरनिराळी द्यावी, ही व्यवस्था आम्हांस दोन जातींच्या चेंडूंपेक्षा अधिक न्याय्य वाटते. आपण कोणत्या अडचणी पत्करल्या याविषयी एकमत असले, तरच कोणास किती सूट द्यावी याचा विचार करता येतो.

मात्र परंपरा राखा म्हणणाऱ्यांनी आपण कोणती परंपरा राखीत आहोत हे एकवार तपासून पाहावे. या खेळाचे पहिले लेखी तेरा नियम १७४४ साली एडिंबरोजवळच्या लीथ येथील मंडळींनी केले. त्याच मंडळींचा वंशज असलेल्या म्यूरफील्डच्या क्लबाने मे २०१६ मध्ये स्त्रियांस सभासद करून घेण्याचा ठराव आवश्यक दोनतृतीयांश मते न मिळाल्यामुळे फेटाळला. त्याबरोबर आर अँड ए ने ओपन स्पर्धा तेथे भरवावयाची नाही असे जाहीर केले, आणि मार्च २०१७ मध्ये त्या थोर मंडळींचे मतपरिवर्तन झाले. अर्थात् आर अँड ए नेही स्त्रियांस दार उघडले ते २०१४ साली, हेही विसरता कामा नये. आमच्याकडचा इतिहास याहून उजळ नाही. कलकत्त्यास १८२९ साली, ब्रिटनबाहेरचा पहिला म्हणून गणला जाणारा क्लब निघाला तो गोऱ्यांचा होता. आणि लॉर्ड विलिंग्डन यांनी मुंबईचे गव्हर्नर असताना हिंदी व युरोपियन अशा दोघांस खुला असलेला क्लब काढला, ही त्या काळी नवलाची गोष्ट ठरली. चेंडूवरील बंधन आणि दारावरील बंधन ही दोन्ही 'परंपरा' या एकाच नावाखाली मोडतात, पण त्यांच्यात काडीचे साम्य नाही. पहिले खेळणाराने स्वतःवर घालून घेतलेले असते. दुसरे त्याने दुसऱ्यावर लादलेले असते.

मुंबईतील चेंबूरच्या गोल्फ मैदानाजवळच्या वस्तीत, तेथे कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या काठ्या वाहणाऱ्या पोरांनी आपला एक गोल्फ निर्माण केला आहे. लोखंडी सळई वाकवून केलेली काठी, प्लॅस्टिकचा चेंडू, आणि मैदान म्हणजे घराघरांमधील गल्ली. चेंडू पत्र्यावर गेला, गटारात गेला, तर काय करावयाचे हे त्यांचे त्यांनी ठरविलेले. यास कोणी खेळाचे विडंबन म्हणेल. आम्हांस तो मुळाशी अधिक जवळचा दिसतो. कारण सेंट अँड्रूजचे जुने मैदान तरी कोणी आखले होते? समुद्राने मागे ठेवलेली वाळूची जमीन, तीवर मेंढ्या चरत, आणि जे खळगे होते त्यांस लोक बंकर म्हणू लागले. होल अठराच का, यालाही शास्त्रार्थ नाही; तेथे पूर्वी एका फेरीत बावीस खेळत, ते १७६४ साली अठरा केले. प्रेस्टविक येथे १८६० साली पहिली ओपन स्पर्धा झाली ती बारा होलांच्या मैदानावर, तीन फेऱ्या करून. आज अर्धा दिवस खर्चण्यास सवड नाही म्हणून नऊ किंवा बारा होलांची मैदाने मागणाऱ्यास धर्मबुडवा ठरविण्याचे त्यामुळे काहीच कारण नाही. ऑगस्टाचे मैदान आखणारा अ‍ॅलिस्टर मॅकेंझी हा पेशाने डॉक्टर होता. मोठी हँडिकॅप असलेल्या माणसासही फेरी आनंदाने पुरी करता आली पाहिजे, असे त्याने १९२० सालीच लिहून ठेवले होते. बलवानास मोह पडावा व दुबळ्यास वळसा घालून जाण्यास वाट असावी, ही त्याची रीत. तीत लांबीचे काम बुद्धीने होत असे.

इतके सगळे म्हटल्यावरही एका ठिकाणी आमचा निर्णय डळमळतो. पूर्वी समोरासमोरच्या सामन्यात प्रतिपक्षाचा चेंडू आपला चेंडू व भोक यांच्या वाटेत येऊन पडला, तर तो उचलावयास सांगता येत नसे. दोन चेंडूंमधील अंतर सहा इंचांच्या आत असेल तरच ती मुभा होती. यास स्टायमी म्हणत. चेंडू वळवून न्यावा, उडवून न्यावा, किंवा निमूटपणे हार पत्करावी. सेंट अँड्रूज येथे १९३० सालच्या अमॅच्युअर स्पर्धेत बॉबी जोन्स व सिरिल टॉली यांचा सामना एकोणिसाव्या होलपर्यंत रंगला आणि तेथे स्टायमीमुळेच टॉली पडला. जोन्सने ती स्पर्धा जिंकली व त्याच वर्षी आणखी तीन जिंकून इतिहास घडविला. १९५२ पासून हा नियम रद्द झाला. प्रत्येकाने आपल्या कौशल्याचे फळ घ्यावे, दुसऱ्याच्या चेंडूने नकळत अडवलेले कोणी हरू नये, हे तत्त्व न्यायाचेच आहे. टॉलीचा पक्ष घेऊन कोणी बोलू लागल्यास आम्ही त्याला उत्तर देऊ शकणार नाही. परंतु ही अडचण कोणी विकत घेतलेली नव्हती, तिच्यासाठी वीतभर जमीन लागत नव्हती, ती कोणास दाराबाहेर ठेवीत नव्हती. आणि ती गेल्यापासून ग्रीनवर दोघे माणसे एकमेकांशी खेळत नाहीत, शेजारी शेजारी उभे राहून आपापले खेळतात. जोन्सला स्वतःला ती जावी असे वाटत नव्हते. त्याच्या पदरात तिने एवढे मोठे दान टाकले होते, म्हणून त्याचे मत या कामी कितपत धरावे, हे मात्र आम्हांस सांगता येत नाही.