‘कर’ प्रत्यय आणि परतीचा हक्क

कर्जत किंवा खालापूर सोडून गेलेल्या माणसाचे घर दुसऱ्याचे झाले, तरी ‘कर’ लावून गावाचे नाव त्याच्या आडनावात राहू शकते. रायगडातील बेने इस्रायलींनी, म्हणजे पूर्वीच्या शनवार तेल्यांनी, 1948 नंतर हाच प्रत्यय इस्रायलमध्ये नेला. त्यांतील काही कुटुंबे लोद शहरात वसली. जुलै 1948 मध्ये याच लोदमधून हजारो पॅलेस्टिनींना इस्रायली सैन्याने हुसकावून लावले होते.

येथे नैतिक प्रश्न उपस्थित होतो. गावाची ओढ दोघांनाही असते. परंतु त्यावरून दोघांचे स्थान समान ठरत नाही. इस्रायलच्या 1950 च्या कायद्याने जगातील कोणत्याही ज्यूला परतीचा हक्क दिला. निर्वासित पॅलेस्टिनींच्या परतीसंबंधीचा संयुक्त राष्ट्रांचा डिसेंबर 1948 चा ठराव मात्र अंमलात आला नाही. शतकांपूर्वीची स्मृती हक्क ठरली, दोन वर्षांपूर्वीची ठरली नाही. युरोपातील संहारानंतर ज्यूंना आश्रयाची निकड होती, हे निर्विवाद. पण एकाची निकड दुसऱ्याचा हक्क रद्द करीत नाही.

आपलेपणासाठी इतरांचा दाखला लागणे म्हणजे काय, हे बेने इस्रायलींनीही अनुभवले. 1960 च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी आवश्यक मानली. 1964 मध्ये, तीव्र आंदोलनानंतर, त्यांचे समान स्थान मान्य झाले.

स्वेच्छेने निघालेल्यास गावाचे नाव पुरते. हाकललेल्यास ते पुरेल, असे म्हणण्याचा अधिकार त्याच्या घरात राहणाऱ्याला नाही.