पत्रा मिटण्यापूर्वी

मनाची साक्ष हीच खरी साक्ष, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. काम चोख झाले की नाही हे करणाऱ्याला ठाऊक. तिथे तिसऱ्याचे काय काम? अमोल यादव यांच्या विमानाने मला या प्रश्नाकडे पुन्हा वळवले. पेशाने वैमानिक असलेल्या या गृहस्थांनी मुंबईत, कांदिवलीला, इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोंदणी झाली २०१७ मध्ये आणि उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ मध्ये. अशा वेळी आपली सहानुभूती गच्चीकडे जाते, कचेरीकडे नव्हे.

पण विमानाचा पंख जरा जवळून पाहावा. टोकाशी, मागल्या कडेला, बिजागऱ्यांवर हलणारी पट्टी असते. तिला एलेरॉन म्हणतात. उजवी वर उचलली, डावी खाली गेली, की विमान उजवीकडे कलते. ही पट्टी बिजागरीच्या मागे जड राहिली, तर ठरावीक वेगाला ती फडफडू लागते आणि काही क्षणांत पंखही मोडू शकतो. म्हणून अनेक विमानांत बिजागरीच्या पुढे मोजून वजन बसवतात. शोभेसाठी दिलेला रंगाचा जादा हातही हा तोल बिघडवू शकतो. शिवाय रिव्हेट ठोकून पत्रा मिटला, की आतली जोडणी सहजी दिसत नाही. म्हणूनच अशी जोडणी दोन निरनिराळ्या माणसांनी तपासावी, ही विमानविद्येतली जुनी रीत.

आम्हा नाशिककरांना ओझर जवळचे. तिथे मिग बांधली गेली, पुढे सुखोई. कारखान्यात जोडणारा निराळा, तपासणारा निराळा. गच्चीवर मात्र दोन्ही कामे एकाच माणसाच्या गळ्यात पडण्याचा धोका असतो.

अर्थात, माणसे पुष्कळ असली म्हणजे भागले असेही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये एअर अस्तानाचे एक विमान दुरुस्तीनंतर पोर्तुगालमधून उडाले. एलेरॉनच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. यंत्रणेने आधी इशारा दिला होता; पण कारण शोधणाऱ्यांनाही ही चूक दिसली नाही. आतली सहा माणसे तासाहून अधिक काळ झुंजली, तेव्हा कुठे बेजाच्या धावपट्टीवर टेकली.

चूक होण्यासाठी कोणी लबाड असावे लागत नाही. मनाची साक्ष हेतूपुरती खरी असते. ‘मी मनापासून केले’ याची ग्वाही मन देईल. ‘ते बरोबर झाले’ याची ग्वाही त्याला देता येत नाही. ती दुसऱ्या डोळ्यांनीच द्यावी लागते. मात्र त्या डोळ्यांनी खरोखर पाहिले पाहिजे. कागद वर्षानुवर्षे पडून राहणे ही तपासणी नव्हे, आणि न पाहता केलेली सही तर त्याहून वाईट. ती खोटा धीर देते.

म्हणून तपासणाऱ्याला बोलावण्यात कारागिराला कमीपणा नाही. त्याने बांधलेल्या पंखावर उद्या दुसऱ्याचे मूल बसणार असते. पत्रा मिटण्यापूर्वी त्याने आपणहून म्हणावे, “या, एकदा तुम्हीही पाहून घ्या.”