न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

साठेखत, मुद्रांक शुल्क, सोसायटीची ना हरकत हे सगळं विचारून झालं, की घर विकायला निघालेला माणूस उठता उठता आवाज जरा खाली आणून म्हणतो, "मॅडम, त्यांनी विचारलंच नाही, तर आपणहून सांगायचं कशाला?" ठाण्यात घरांच्या व्यवहारांची वकिली करताना हा प्रश्न मी सतत ऐकते. विचारणाऱ्याला तो कायद्याचा वाटतो. माझ्या मते तो धर्माचा आहे. न विचारलेल्या गोष्टीबद्दल गप्प राहणं हे असत्य आहे का? आणि सत्य आपण नेमकं कोणाचं देणं लागतो?

आपल्या कायद्यात याची दोन उत्तरं आहेत, दहा वर्षांच्या अंतराने लिहिलेली. 1872च्या करार कायद्यात, कलम 17खाली, एका घोड्याचं उदाहरण आहे. घोड्यात खोट आहे हे मालकाला ठाऊक आहे. तो लिलावात विकताना अवाक्षर काढत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. लगेच पुढचं उदाहरण येतं. घेणारी मालकाची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. आता मात्र सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. घोडा तोच, खोट तीच, बदललं ते फक्त नातं. परक्याने आपलं आपण बघून घ्यावं, लेकीला मात्र बापाने सांगावं.

1882चा मालमत्ता हस्तांतरण कायदा घराजमिनीकडे वळतो आणि तिथे सूर पालटतो. कलम 55 सांगतं, की विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. तो वास्तूतला असो, नाहीतर मालकी हक्कातला. न सांगणं हे कपट, असं त्याच कलमाच्या शेवटी लिहिलंय. घेणाराही यातून सुटत नाही. एखाद्या म्हाताऱ्या बाईला आपला हिस्सा किती मोठा आहे हे ठाऊक नाही आणि घेणाऱ्याने जुने फेरफार वाचून ते हेरलंय, तर ते तिला सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. जागा 'लीव्ह अँड लायसन्स'ने दिली तरी हेच. 1882च्याच सुविधाधिकार कायद्याच्या कलम 57नुसार, राहणाऱ्याच्या जिवाला किंवा सामानाला धोका होईल असा माहीत असलेला दोष मालकाने दडवायचा नाही.

म्हणजे दाराशी आलेल्या परक्या माणसालाही कायदा इथे लेकीच्या जागी बसवतो. माझ्या मते त्यामागे एक साधं सत्य आहे. घर बघायला येणारा अर्धा तास येतो, नळ सोडून बघतो, खिडकी उघडून वारा बघतो. 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, इंडेक्स टू, प्रॉपर्टी कार्ड हे सगळं मी त्याला काढून देऊ शकते. पण जुलैत कुठली भिंत घामेजते, मे महिन्यात कुठल्या मजल्यापर्यंत पाणी चढत नाही, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. हे ज्ञान हुशारीने मिळत नाही, पैशाने मिळत नाही. ते एकाच माणसाकडे असतं, आणि नेमका तोच गप्प बसतो.

एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले होते. बेडरूममधल्या लाकडी कपाटामागची भिंत वरच्या मजल्यावरच्या बाथरूममुळे दर पावसाळ्यात ओली व्हायची. प्लास्टरचे पोपडे, हात लावला की पांढरी पूड. दिवाळीला त्यांनी भिंत खरवडली, पुट्टी भरली, रंग दिला. फेब्रुवारीत गिऱ्हाईक आलं तेव्हा भिंत कोरडी ठणठणीत. मी म्हटलं, "सर, हे लिहून द्या." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाडून मागतील हो." तसंच झालं. पहिलं गिऱ्हाईक गेलं. दुसऱ्याने घेतलं, पण कमी भावात. म्हणून सांगण्यात फायदा आहे असं मी कोणालाही सांगत नाही. बऱ्याचदा तोटाच होतो. जिथे तोटा नाही तिथे सत्याची कसोटीही लागत नाही.

हा वाद जुना आहे. इसवी सनपूर्व 44 मध्ये रोमन विचारवंत सिसेरोने कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात घर विकणाऱ्याचाच प्रश्न आहे. घर रोगट आहे, खोल्यांत साप निघतात, लाकूड किडकं आहे, आणि हे मालकाशिवाय कोणालाच ठाऊक नाही. दोन स्टोइक तत्त्वज्ञ आमनेसामने येतात. बॅबिलोनचा डायोजिनीस विचारतो, घ्यायची सक्ती कोणी केली होती? अँटिपेटर म्हणतो, सांगितलंच पाहिजे, कारण माणसं एकमेकांशी बांधलेली आहेत. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने उभा राहतो. त्याच्या मते प्रत्येक मौन म्हणजे लपवणं नव्हे. दुसऱ्याच्या हिताची गोष्ट आपल्या लाभासाठी त्याला कळू न देणं, हे लपवणं.

आपल्याकडे शांतिपर्वात तुलाधार आहे. जटेत पक्ष्यांनी घरटं करेपर्यंत निश्चल तप केलेल्या जाजलीला धर्म शिकायला पाठवलं जातं ते वाराणसीच्या या दुकानदाराकडे. तुलाधार सांगतो, माझा तराजू सगळ्यांना सारखा. महाभारताने धर्माचा निवाडा करायला देवळाऐवजी बाजारपेठ निवडली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण मर्यादाही हवी. नवऱ्याचं कर्ज, मुलाचं आजारपण, मोडलेला संसार अशा कारणांनी माणसं घर विकतात. ते सांगायला ती कोणालाही बांधील नाहीत. माझी अडचण माझी आहे, ती कळली की भाव पाडणारे टपलेलेच असतात. भिंतीची ओल मात्र माझी राहत नाही. तिच्याखाली उद्या दुसऱ्याचं बाळ झोपणार आहे. भाडेकरूचंही तसंच. मालकाला वेगळं घर का घ्यावं लागलं, हे त्याने विचारू नये. पण सोसायटीचा पुनर्विकास ठरलाय, चार महिन्यांत खोली खाली करावी लागेल, हे मुलांचे शाळाप्रवेश घेण्याआधी त्याला कळलंच पाहिजे.

करारात आम्ही 'जशी आहे तशी' हे कलम घालतो. दोघांनाही ठाऊक नसलेल्या गोष्टींपुरतं ते न्याय्य आहे. एकाला ठाऊक असलेलं दडवायला ते वापरलं, तर कोर्टात काहीही ठरो, मनात ते कपटच. म्हणून माझ्या मसुद्यात वेगळं परिशिष्ट असतं, 'विक्रेत्यास ज्ञात असलेले दोष'. प्रत्येक दोष साध्या मराठीत, खाली दोघांच्या सह्या. काही जण ते काढायला सांगतात. मी काढत नाही, दुसरा वकील करा म्हणते.

कारण कायद्याचा हात पुराव्याच्या पुढे जात नाही. विकणाऱ्याला आधीपासून माहीत होतं हे सिद्ध करायला घेणाऱ्याची वर्षं जातात, आणि पुष्कळदा ते सिद्ध होतच नाही. तिथून पुढे ज्याचं त्याचं मन. माझं मत इतकंच, की घराच्या दोषाची माहिती ही आपली मालमत्ता नव्हे. ती आपल्याला त्या घरात राहिल्याने मिळाली, आणि खरेदीखतावर सही झाली की घरासोबत तीही नव्या मालकाची होते. ती मागे ठेवून घेणं म्हणजे विकलेल्या घरातली एक खोली बळकावून बसणं.