निम्मी वाटणी

तुकोबारायांच्या चरित्रातील एक प्रसंग आपण कीर्तनात कितीदा तरी ऐकला असेल. पण त्यातील एका शब्दावरून आपण घाईने पुढे जातो. 1630 च्या सुमारास महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. महाराजांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. पुढे घरच्या सावकारीची खते इंद्रायणीत सोडावयाची वेळ आली, तेव्हा त्यांनी आधी वाटणी केली. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची निम्मी खते त्यांच्या हाती ठेवली आणि आपली निम्मी तेवढी डोहात टाकली.

निम्मी, हा तो शब्द. भावाच्या वाट्यावर दानशूर होणे सोपे होते, ते त्यांनी केले नाही. आणि ज्या दुष्काळाने कुळे पोळली, त्याच दुष्काळाने देणाराही पोळला होता. वरून खाली टाकलेले हे दान नव्हे.

ही साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, आता असे कोण करतो, असे कोणी म्हणेल. म्हणून ठाणे जिल्ह्यातले वांगणी स्टेशन डोळ्यांपुढे आणू. 17 एप्रिल 2021 चा दिवस. दृष्टी नसलेल्या एका बाईचा लहानगा हात सुटून फलाटावरून रुळांवर पडला. समोरून उद्यान एक्सप्रेस भरवेगात येत होती. आई चाचपडते आहे, ओरडते आहे, पण मूल कोठे हे तिला कळेना. मयूर शेळके नावाचा रेल्वेचा पॉइंट्समन रुळांमधून धावत गेला, पोराला फलाटावर ढकलले आणि स्वतः जेमतेम वर चढला. गाडी धडधडत निघून गेली.

सगळ्यांनी वाहवा केली ती या धावण्याची. करावीच! पण मला त्याच्या पुढचा प्रसंग अधिक मोठा वाटतो. रेल्वेने त्याला 50 हजार रुपयांचे बक्षीस दिले. त्यातली निम्मी रक्कम त्या मायलेकरांना देणार, असे त्याने सांगितले. अहो, धावताना विचाराला सवड नव्हती. तेथे जे घडले ते रक्तातले होते. पैसे मिळणार म्हटल्यावर मात्र सवडच सवड! तेथे मन हिशेब मांडते, घरची गरज आठवते, शेजारी सल्ले देतात. त्या हिशेबातून जो निम्मे बाजूला काढतो, त्याचे चित्त आधीच तयार असले पाहिजे. कोणी विचारील, सगळे का नाही दिले? अरे बाबा, त्याच्याही घरी चूल आहे. प्रपंच मोडून दान करा असे आमच्या संतांनी कोठे सांगितले?

याच वांगणीच्या अलीकडे, बदलापूरच्या बाजूला, दोन वर्षे आधी काय झाले ते पाहा. 26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली. चोहोकडे पाणी, आणि आत सुमारे 1050 माणसे. त्यांत गरोदर बायकाही होत्या. दुसऱ्या दिवशी नौदलाचे, आपत्ती दलाचे जवान बोटी घेऊन आले. आसपासचे गावकरीही मदतीला उतरले. त्या दिवशी बदलापुरातल्या वस्त्यांतही पाणी शिरले होते. म्हणजे हात देणारेही भिजलेलेच! प्रवाशांना बाहेर काढून बदलापुरात खाऊ घातले आणि कल्याणहून वेगळी गाडी सोडून कोल्हापूरकडे मार्गस्थ केले.

आणि देवाची करणी कशी! पंधरवडाही झाला नाही तोच पंचगंगा आणि कृष्णा फुगल्या. कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली. आता ठाणे, डोंबिवली, कल्याणहून धान्याच्या, कपड्यांच्या गाड्या तिकडे चालू लागल्या. त्याच महिन्यात गोकुळाष्टमी होती. मुंबई-ठाण्यातल्या कित्येक मोठ्या दहीहंड्या त्या साली रद्द झाल्या आणि तो पैसा पूरग्रस्तांकडे वळला. ही गोविंदांची पोरे म्हणजे मल्लच. थरांसाठी महिनेन्‌ महिने घाम गाळायचा, खांदे सोलून घ्यायचे, आणि ऐन दिवशी बक्षिसावर पाणी सोडायचे, हे तरण्या रक्ताला सोपे नाही हो. पण काला म्हणजे तरी काय? प्रत्येकाने आपल्या शिदोरीतले काढून एकत्र कालवणे. त्या साली हंडी फुटली नाही, तरी काला झाला असे मी म्हणतो.

परदेशातही हे आहे. 2017 साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहर हार्वे नावाच्या चक्रीवादळाने बुडाले. तिथल्या जे. जे. वॉट या फुटबॉलपटूने प्रथम आपल्या पदरचे 1 लाख डॉलर घातले आणि मग लोकांपुढे हात पसरला. मागितले होते 2 लाख. जमले 3 कोटी 70 लाखांहून अधिक. आधी स्वतःची शिदोरी सोडली म्हणून लोकांनी आपली सोडली. त्याच शहरातल्या एका दुकानदाराने आपली फर्निचरची दुकाने बेघरांना निजावयास उघडी केली. नव्या गाद्यांवर चिखलाची माणसे!

नाहीतर आपण काय देतो? फाटके झंपर, विटलेली लुगडी, चेन तुटलेल्या पिशव्या. माळ्यावरची अडगळ निघाली आणि पुण्यही लागले. देवापुढे शिळे ताट ठेवाल का? मग ज्याच्या घरात छातीभर चिखल आहे त्याला तुमची अडगळ कशाला?

आणखी एक. पूर असतो दोन दिवस, चिखल राहतो महिनाभर. पहिल्या दिवशी पुरी-भाजीची पाकिटे इतकी येतात की टाकावी लागतात. पंधराव्या दिवशी केरसुणी धरावयास कोणी नसतो. उल्हास नदी दर चातुर्मासात अंगावर येते, हे 2005 पासून तरी काठच्या लोकांना कोणी सांगावयास नको. तेव्हा बदलापूरपासून कल्याणपर्यंतच्या भजनी मंडळांनी टाळ-मृदंग ठेवण्याच्या खोलीत, उंच फळीवर, पाच-सहा फावडी, घमेली, बादल्या, दोरखंड आणि जंतुनाशकाची पूड आषाढीच्या आतच आणून ठेवावी. खर्च फार नाही. सप्ताहाच्या एका दिवसाच्या फुलांत भागेल. आणि कोणाच्या घरी कोण जाणार, हेही आधीच ठरवून ठेवावे.